गळू पिकते तेव्हा रक्तात काय घडते?

गळू आले की घरातली वडीलधारी माणसे सांगतात, ‘पिकू दे, पिकल्याशिवाय फुटणार नाही.’ पिकणे म्हणजे आत पू तयार होणे. पुवाची किळस सगळ्यांना वाटते, पण डॉक्टरच्या दृष्टीने पू ही एका अर्थाने चांगली खूण असते. पू म्हणजे मुख्यतः न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींचा खच. जंतू जिथे शिरले तिथे शरीराचे शिपाई पोहोचले, लढले आणि तिथेच पडले, असा त्याचा अर्थ. घाबरायचे ते जखम सडते आहे, लाल झाली आहे, ताप आहे, रक्तात पांढऱ्या पेशी भरमसाट वाढल्या आहेत आणि तरीही पुवाचा थेंबसुद्धा नाही, अशा वेळी.

इस्राएलमधील हैफा येथील डॉक्टरांपुढे अशीच दोन अरब मुले आली होती. दोघे वेगवेगळ्या कुटुंबांतले, दोघांचेही आईवडील परस्परांचे नातलग. वरचेवर न्यूमोनिया, कानाचे आजार, हिरड्यांची सूज. वाढ खुंटलेली, बुद्धीचा विकासही मागे पडलेला. निरोगी माणसाच्या रक्तात एका घनमिलिमीटरमध्ये चार ते अकरा हजार पांढऱ्या पेशी असतात. या मुलांत त्या एरवीही पंचवीस-तीस हजारांच्या घरात असत आणि संसर्ग झाला की लाखाच्या पुढे जात. म्हणजे सैन्य तोकडे नव्हते, उलट हवे त्यापेक्षा कितीतरी अधिक होते. पण ते रक्तवाहिनीतच फिरत राही, जखमेपर्यंत उतरत नसे. १९९२ मध्ये आमोस एत्झिओनी आणि सहकाऱ्यांनी या मुलांविषयीचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यात या कोड्याची उकल होती आणि तिचा एक धागा थेट मुंबईपर्यंत येत होता. त्याकडे पुढे येऊच. आधी पांढरी पेशी रक्तातून बाहेर पडते तरी कशी, हे पाहू.

हे काम वाटते तितके सोपे नाही. आपल्या अस्थिमज्जेत रोज सुमारे दहा हजार कोटी न्यूट्रोफिल तयार होतात आणि रक्तात सोडले जातात. रक्त जोरात वाहत असते. समजा पायात काटा मोडला. त्या जागेजवळच्या बारीक शिरेतून जाणाऱ्या पेशीला एक सेकंदही न दवडता कळले पाहिजे की ‘उतरायचे ते इथेच’. शिवाय नुसते कळून भागत नाही, त्या वेगातून थांबताही आले पाहिजे. चालत्या लोकलमधून उतरणारा माणूस दांडा धरून चार पावले फलाटावर धावतो आणि मग थांबतो. (माणसांनी हे करू नये, त्याचे परिणाम अपघात विभागात रोज दिसतात.) पेशी मात्र नेमके हेच करते. आधी रक्तवाहिनीच्या भिंतीला हलकेच चिकटते, सुटते, पुन्हा चिकटते, गडगडत पुढे जाते, वेग कमी होत होत थांबते आणि मग भिंतीतल्या पेशींच्या फटीतून अंग चोरून बाहेर पडते.

हे गडगडणे एकोणिसाव्या शतकातल्या डॉक्टरांनी साध्या सूक्ष्मदर्शकातून पाहिले होते. बर्लिनच्या युलियस कोनहाइम यांनी १८६७ च्या सुमारास बेडकाच्या शरीरातील पातळ पडदा ताणून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. सूज येऊ लागली की पांढऱ्या पेशी शिरेच्या कडेला गोळा होतात आणि भिंतीतून बाहेर पडतात, हे त्यांनी दाखवले. पू रक्तातूनच येतो, जखमेत आपोआप उगवत नाही, ही गोष्ट त्या काळी मोठी होती. मात्र पेशी भिंतीला कशाने चिकटतात, याचे उत्तर मिळायला आणखी शंभराहून अधिक वर्षे गेली.

हे उत्तर साखरेत दडलेले होते, पण ही साखर चहातली नव्हे. मधुमेहात रक्तात तपासतात ती ग्लुकोजही नव्हे. आपल्या प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ असतात आणि त्यांच्या टोकांना शर्करेच्या लहानलहान साखळ्या लोंबत असतात. पेशी मोठी करून पाहता आली असती तर ती गवताळ टेकडीसारखी दिसली असती. या साखळ्यांमध्ये गॅलॅक्टोज, फ्यूकोज, सायलिक ॲसिड असे वेगवेगळे मणी असतात आणि कोणता मणी कोणत्या जागी कसा जोडला आहे यावरून पेशीची ओळख पटते. आपला ए, बी, ओ रक्तगटही दुसरे काही नसून लाल पेशींवरच्या साखळीच्या टोकाला कोणता मणी आहे, एवढाच प्रश्न आहे. जैवरसायनशास्त्राच्या अभ्यासात प्रथिने आणि डीएनए यांना जो मान मिळाला तो शर्करांना बराच काळ मिळाला नाही. त्यांच्याकडे पेशीवरची सजावट म्हणून पाहिले जाई.

ही सजावट नाही, याची पहिली ठोस शंका १९६४ मध्ये गेस्नर आणि गिन्सबर्ग या दोन अमेरिकी संशोधकांच्या प्रयोगातून आली. उंदरांच्या लिम्फोसाइट पेशी काढून त्यांनी त्यांच्यावरच्या शर्करा एन्झाइमने छाटल्या आणि पेशी परत उंदरांच्या रक्तात सोडल्या. एरवी या पेशी लसीका ग्रंथींमध्ये जातात. छाटलेल्या पेशी वाट चुकून मोठ्या प्रमाणात यकृतात जाऊन अडकल्या. म्हणजे पत्ता शर्करेत लिहिलेला होता. मग हा पत्ता वाचतो कोण? शर्करा ओळखून तिला धरणाऱ्या प्रथिनांना लेक्टिन म्हणतात. १९८९ मध्ये निरनिराळ्या प्रयोगशाळांत अशा तीन प्रथिनांची जनुके जवळजवळ एकाच वेळी हाती लागली. तिन्हींची घडण सारखी निघाली, आणि त्यांच्या कुटुंबाला सिलेक्टिन हे नाव पडले. एल-सिलेक्टिन पांढऱ्या पेशींवर असते, ई-सिलेक्टिन रक्तवाहिनीच्या अस्तरावर, तर पी-सिलेक्टिन प्लेटलेटमध्ये आणि अस्तराच्या पेशींमध्येही.

पुढच्याच वर्षी ते कोणती साखळी धरतात हेही कळले. तिचे नाव सायलिल लुइस एक्स. नाव अवघड असले तरी लक्षात ठेवायचे ते एवढेच की या साखळीला फ्यूकोज हा मणी लागतो. सिलेक्टिनच्या टोकाशी कॅल्शियमचा एक अणू बसलेला असतो आणि तो या फ्यूकोजला पकडतो. फ्यूकोज नसेल तर पकड नाही. गवतातून चालताना धोतराला किंवा साडीच्या काठाला कुसळे चिकटतात. एकेक कुसळ सहज निघते, पण पन्नास चिकटली की पाय अडतो. सिलेक्टिनची पकडही तशीच. एकेक बंध क्षणात सुटणारा, पण पुढचा तयारच असल्याने पेशी वाहून न जाता गडगडत राहते.

यातली वेळेची आखणी थक्क करणारी आहे. पी-सिलेक्टिन अस्तराच्या पेशींमध्ये छोट्या पिशव्यांत आधीच भरून ठेवलेले असते. इजा झाल्याचा इशारा मिळताच काही मिनिटांत ते पृष्ठभागावर येते. ई-सिलेक्टिन तयार नसते. जनुकापासून सुरुवात करून ते बनवावे लागते, म्हणून त्याला काही तास लागतात. सकाळी काटा टोचला तर दुपारपर्यंत जागा लाल होऊन ठणकायला लागते आणि पू व्हायला एकदोन दिवस जातात, त्यामागे असे अनेक टप्पे आहेत. जिथे इजा नाही तिथल्या शिरांवर हे हात बाहेर येतच नाहीत, त्यामुळे पायातल्या काट्यासाठी दंडाच्या शिरेत पेशी उतरत नाहीत.

आणखी एक गंमत भौतिकशास्त्रज्ञांनाही चक्रावून टाकणारी होती. कोणताही बंध ओढला की लवकर सुटणार, ही आपली अपेक्षा असते. २००३ मध्ये प्रयोगांतून दिसले की पी-सिलेक्टिनचा बंध एका मर्यादेपर्यंत ओढल्यास उलट जास्त काळ टिकतो. सुरगाठ ओढली की सुटते, निरगाठ ओढली की आवळते. हा बंध आधी निरगाठीसारखा वागतो आणि ताण फारच वाढला तर सुरगाठीसारखा. म्हणूनच वाहत्या रक्तात पेशी चिकटतात. एल-सिलेक्टिनच्या बाबतीत तर प्रवाह अगदी मंदावला की पेशींचे गडगडणेच थांबते आणि त्या सुटून जातात.

एल-सिलेक्टिनचे मुख्य काम लसीका ग्रंथींच्या दारात. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते, हा अनुभव बहुतेकांचा असतो. ही ग्रंथी सुजते त्याचे एक कारण म्हणजे तिच्या खास शिरांच्या अस्तरावर असलेल्या शर्करा ओळखून रक्तातल्या लिम्फोसाइट मोठ्या संख्येने तिच्यात शिरतात आणि तिथे जंतूविरुद्धची तयारी करतात. अवधाण शेकून किंवा चोळून जिरवण्यापेक्षा पायाच्या जखमेकडे लक्ष द्यावे, हे बरे.

गडगडणारी पेशी पुढे पक्की थांबते ती मात्र शर्करेमुळे नव्हे. अस्तरावर सांडलेली काही रसायने तिला उत्तेजित करतात आणि तिच्या अंगावरची इंटिग्रिन नावाची प्रथिने ताठ होऊन भिंतीला घट्ट धरतात. ही दुसरी पायरी बिघडली तर काय होते, हे भारतातल्या बालरोगतज्ज्ञांना जास्त परिचयाचे आहे, कारण इंटिग्रिनच्या दोषाचा आजार, म्हणजे लाड-१, हैफातल्या आजारापेक्षा बऱ्याच अधिक मुलांत आढळतो. बाळाची नाळ साधारण बारशापर्यंत गळून पडलेली असते. लाड-१ असलेल्या बाळाची नाळ तीन-चार आठवडे उलटले तरी पडत नाही, बेंबीत संसर्ग होतो, पांढऱ्या पेशी वाढतात आणि पू होत नाही. नाळ नुसती उशिरा पडली म्हणून घाबरण्याचे कारण नाही. पण त्याबरोबर बेंबीभोवती लाली, ताप किंवा त्वचेचे वारंवार संसर्ग असतील, आणि विशेषतः आईवडील नात्यातले असतील किंवा आधीचे बाळ असेच दगावले असेल, तर डॉक्टरांना हे सगळे एकत्र सांगायला हवे. फ्लो सायटोमेट्री या रक्ततपासणीत निदान होते. मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत ही तपासणी होते. आजार तीव्र असेल तर मूल वाचवण्याचा खात्रीचा मार्ग मूळपेशी प्रत्यारोपणाचा आहे आणि तो लवकर करावा लागतो, म्हणून निदानाला झालेला उशीर महागात पडतो.

जाता जाता रक्ताच्या रिपोर्टविषयी एक गोष्ट. रक्तातल्या न्यूट्रोफिलपैकी साधारण निम्मे कोणत्याही क्षणी शिरांच्या कडेला रेंगाळत असतात आणि ते सुईतून येणाऱ्या नमुन्यात सापडत नाहीत. स्टेरॉइडचे औषध घेतले की या पेशींची पकड सुटते आणि त्या मुख्य प्रवाहात येतात. काही तासांत आकडा पंधरा-वीस हजारांवर जाऊ शकतो. जोरदार व्यायाम किंवा मोठी भीती यांनीही थोड्या वेळापुरता तो वाढतो. दम्यासाठी स्टेरॉइड सुरू असलेल्या रुग्णाचा असा रिपोर्ट पाहून नातेवाईक ‘इन्फेक्शन वाढलं’ म्हणून अँटिबायोटिकचा आग्रह धरतात. प्रत्यक्षात पेशी वाढलेल्या नसून मोठ्या प्रमाणावर जागा बदललेल्या असतात.

आता हैफाच्या मुलांकडे. त्यांच्या तपासणीत एक विलक्षण गोष्ट निघाली होती. दोघांचाही रक्तगट ‘बॉम्बे’ होता.

हा रक्तगट १९५२ मध्ये मुंबईत डॉ. य. मो. भेंडे आणि सहकाऱ्यांनी शोधला आणि ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात जगापुढे मांडला. ए आणि बी हे दोन्ही मणी ज्या पायाभूत साखळीवर बसतात तिला एच म्हणतात. ओ गटाच्या माणसातही एच असतेच. बॉम्बे गटाच्या माणसात एचसुद्धा नसते. त्यामुळे नेहमीच्या घाईच्या तपासणीत तो ओ वाटतो, पण ओ गटाचे रक्त दिले तर त्याच्या शरीरातले एचविरोधी घटक ते फोडून टाकतात. जिवावर बेतू शकते. क्रॉसमॅचला एकामागून एक ओ पिशव्या जुळत नाहीत तेव्हा रक्तपेढीतला जाणकार तंत्रज्ञ सावध होतो. भारतात सुमारे दहा हजारांत एकाचा हा गट असतो, बाहेर तो फारच दुर्मिळ. अशा माणसाने आपली नोंद रक्तपेढीत करून ठेवावी आणि भावंडांचीही तपासणी करून घ्यावी, कारण जुळणारे रक्त घरातच सापडण्याची शक्यता सर्वांत जास्त.

एच साखळीचा शेवटचा मणी फ्यूकोज. सायलिल लुइस एक्समध्येही फ्यूकोज. दोन्ही ठिकाणी तोच मणी गायब, म्हणजे मुलांच्या शरीरात फ्यूकोज जोडण्याची व्यवस्थाच कोलमडली असणार, असा तर्क हैफाच्या डॉक्टरांनी केला. तो खरा ठरला. मुलांच्या न्यूट्रोफिलवर सायलिल लुइस एक्स नव्हते आणि ते ई-सिलेक्टिनला चिकटत नव्हते. या आजाराला लाड-२ हे नाव मिळाले.

इथे एक गैरसमज आधीच दूर करायला हवा. आपल्याकडच्या बॉम्बे गटाच्या माणसांना हा आजार नसतो. त्यांची प्रतिकारशक्ती आणि बुद्धी इतरांसारखीच असते. कारखान्याची उपमा घ्या. मणी ओवायला निरनिराळे कारागीर असतात. बॉम्बे गटात लाल पेशींवरची एच साखळी पुरी करणारा कारागीर कामावर नसतो, पण न्यूट्रोफिलवर काम करणारा दुसरा कारागीर ठणठणीत असतो. हैफाच्या मुलांत कारागीर सगळे हजर होते, पण कोठाराचे दारच बंद असल्याने कुणालाच मणी मिळत नव्हता. पेशीतल्या गॉल्जी या विभागात फ्यूकोज नेणाऱ्या वाहक प्रथिनाचे जनुक या मुलांत बिघडलेले असते, हे २००१ मध्ये दोन युरोपीय गटांनी सिद्ध केले.

दार पूर्ण बंद नसून किलकिले असेल तर? बाहेर मणी भरपूर साठवले तर काही आत जातील. जर्मनीतल्या म्युन्स्टर येथे थोर्स्टन मार्क्वार्ट आणि सहकाऱ्यांनी हा आजार असलेल्या एका तुर्की बाळाला तोंडाने फ्यूकोज द्यायला सुरुवात केली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालानुसार त्याच्या पांढऱ्या पेशींची संख्या उतरली, वारंवार येणारे संसर्ग आणि ताप थांबले, विकासातही काहीशी सुधारणा दिसली. पुढे फ्यूकोज थांबवून पाहिले तेव्हा काही दिवसांतच पेशींची संख्या पुन्हा चढली. म्हणजे गुण औषधाचाच होता, हे कळले. इस्राएलमधल्या मुलांना मात्र याचा उपयोग झाला नाही. त्यांच्यात वाहक प्रथिनातला दोष वेगळ्या जागी होता. एका जागी बिघडलेले दार ढकलले की थोडे उघडते, दुसऱ्या जागी बिघडलेले उघडत नाही. ‘प्रतिकारशक्ती वाढवणारी साखर’ म्हणून फ्यूकोजच्या पुड्या विकणारा कुणी भेटलाच तर हे लक्षात ठेवावे. ज्याचे दार उघडे आहे त्याला बाहेर मणी रचून काही मिळत नाही.

हीच चिकटण्याची किमया कर्करोगही वापरतो. स्वादुपिंडाच्या कर्करोगात सीए १९-९ ही तपासणी सांगतात. रक्तात मोजला जाणारा हा पदार्थ म्हणजे सायलिल लुइस एक्सची भावंड असलेली एक शर्करा साखळीच आहे, आणि तीही ई-सिलेक्टिनला चिकटते. मूळ गाठीतून सुटलेल्या पेशींना दूरच्या अवयवात उतरायला तिची मदत होत असावी, असे प्रयोग सुचवतात. काही टक्के लोकांत ही साखळी जन्मतःच बनत नाही. त्यांच्यात कर्करोग असूनही सीए १९-९ वाढत नाही. उलट पित्तनलिकेत खडा अडकून कावीळ झाली तर कर्करोग नसतानाही तो खूप वाढतो. हा एकच आकडा पाहून कुणी रात्रभर रडत बसू नये आणि कुणी निर्धास्तही होऊ नये.

महाराष्ट्रासाठी या विषयाची सर्वांत मोठी बाजू सिकलसेलची आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नंदुरबार या पट्ट्यात हा आजार घरोघरी माहीत आहे. विळ्यासारख्या वाकलेल्या लाल पेशी बारीक शिरांत अडकतात आणि हाडे फोडून काढावीत अशा वेदना होतात, असे शाळेतही शिकवतात. पण नुसता आकार हे पूर्ण कारण नाही. या रुग्णांच्या शिरांचे अस्तर सतत चिडलेले असते, त्यावर पी-सिलेक्टिन कायम बाहेर आलेले असते आणि त्याला आधी न्यूट्रोफिल, प्लेटलेट आणि लाल पेशीही चिकटतात. वाट त्यांनीच अरुंद केलेली असते, वाकड्या पेशी तिथे येऊन ती बंद करतात. म्हणूनच पांढऱ्या पेशी सतत वाढलेल्या असणे हे सिकलसेलच्या रुग्णात चांगले लक्षण मानत नाहीत.

पी-सिलेक्टिनलाच झाकून टाकले तर? क्रिझानलिझुमॅब हे प्रतिपिंड औषध याच कल्पनेतून आले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ते घेणाऱ्यांना वर्षाला वेदनेचे १.६३ झटके आले, तर न घेणाऱ्यांना २.९८. २०१९ मध्ये अमेरिकेने परवानगी दिली. पण पुढच्या मोठ्या चाचणीत हा फायदा दिसला नाही आणि २०२३ मध्ये युरोपने परवानगी मागे घेतली. तिन्ही सिलेक्टिन एकदम अडवणारे रिव्हिपॅन्सेल हे दुसरे औषध तर २०१९ मध्येच अंतिम चाचणीत नापास झाले. झटका पूर्ण भरात आल्यावर पेशींची पकड सोडवून फारसे साधत नाही, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. कल्पना सुंदर आहे म्हणून औषध चालतेच असे नाही.

हायड्रॉक्सियुरिया ही जुनी, स्वस्त गोळी मात्र चालते. तिने गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन वाढते, हे तिचे मुख्य काम. त्याचबरोबर ती न्यूट्रोफिलची संख्या उतरवते आणि पेशींचा चिकटपणा कमी करते. ती रोज घ्यावी लागते, ठरावीक काळाने रक्त तपासावे लागते आणि परिणाम दिसायला काही महिने जातात. महिनाभरात फरक नाही म्हणून बंद करणारे रुग्ण बरेच असतात. आणि वेदनेचा झटका घेऊन आलेल्या रुग्णाला ‘सवय लागली आहे, इंजेक्शनसाठी नाटक करतो’ असे म्हणणारे कर्मचारीही असतात. बाहेरून सूज नाही, जखम नाही, एक्स-रे स्वच्छ. शिरेच्या आत काय चिकटून बसले आहे ते दिसत नाही. अशा रुग्णाला रुग्णालयात आल्यापासून तासाभराच्या आत पुरेसे वेदनाशामक मिळाले पाहिजे, असे उपचारांचे निकष सांगतात.